चार लिंबे आणि 'लोक'

सोमवार, दिनांक १५ ऑक्टोबर २०१२, सर्वपित्री अमावास्या. या दिवशी सकाळी बिबवेवाडीतील आमच्या गृहरचना संस्थेच्या वाहनतळात खिळे टोचलेली चार लिंबे आणि लाल पाण्याची एक थाळी आढळली. त्याच आठवड्यात श्रीमती विजयमाला कुंजीर यांचा मुलांसाठीचा रविवारचा प्रयोगवर्ग बंद करण्यात आला. ठरावात लिंबांचा उल्लेख नाही; 'जागेचा गैरवापर' एवढेच कारण दिलेले आहे. म्हणून ही हकीकत येथे नोंदवीत आहे.

विजयमालाबाईंना स्वस्थ बसता येत नाही. रसायनशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या, लग्न झाले आणि नोकरी राहून गेली. दूध तापत ठेवले की साय धरून ते वर का येते, हे त्या शेजारणीला समजावू लागत, आणि तेवढ्यात दूध उतू जाई. मुलगी सासरी गेल्यावर तर त्यांच्या येरझाऱ्या खालच्या मजल्यावर ऐकू येत. अखेर त्यांनी वाहनतळातील जिन्याखालची रिकामी जागा झाडून घेतली आणि दर रविवारी सकाळी मुलांना तेथे बोलावू लागल्या.

साहित्य सगळे स्वयंपाकघरातले. बाटलीत व्हिनेगर, तिच्या तोंडावर खायचा सोडा भरलेला फुगा. सोडा आत सांडला की फुगा टरारून उठे. थाळीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती, तिच्यावर पेला पालथा. ज्योत विझली की पाणी पेल्यात चढे. माझी मुलगी हेमा तेथून घरी आली की प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारी, आणि उत्तर नसल्यामुळे मला चिडावे लागे. व्हिनेगरमध्ये अंड्याचे कवच विरघळते हे त्यांनी दाखवले, तेव्हा आवारात अंडे आणल्याबद्दल तोंडी तक्रार झाली. बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी अंड्याच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा आला. त्यावरही बुडबुडे येतातच.

अमावास्येच्या आदल्या दिवशी त्यांनी लिंबांवर घड्याळ चालवले. प्रत्येक लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा व तांब्याची तार खोचायची, एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला जोडायची, आणि टोके छोट्या आकडी घड्याळाला लावायची. शेजारी थाळीत हळदीचे पाणी होते; त्यात पानाचा चुना पडताच ते लालभडक झाले. घड्याळ किती वेळ चालते हे शाळेला जाण्यापूर्वी पाहू द्या, असा मुलांनी हट्ट धरला, म्हणून सगळे तसेच ठेवले गेले.

रात्री पहारेकरी दत्तोबाने घड्याळ चोरीला जाईल या काळजीने ते सोडवून आपल्या कोठडीत नेले. लिंबांना हात लावण्याची त्याची छाती झाली नाही. म्हणजे ज्या एका वस्तूवरून हा प्रयोग आहे हे कोणालाही कळले असते, तेवढीच तेथून गेली. उरली ती खिळे टोचलेली लिंबे आणि लाल पाणी.

सकाळी अध्यक्ष हिंदुराव यांच्या मातोश्री तुळजाबाई पितरांच्या पानासाठी फुले आणायला निघाल्या होत्या. लिंबे दिसताच त्या जिन्यातूनच माघारी फिरल्या. दत्तोबा घड्याळ घेऊन धावत आला, पण तोवर करणीची बातमी वरच्या मजल्यापर्यंत पोचली होती. दुपारी एकाची मोटार सुरू होईना, तीही लिंबांच्या खाती जमा झाली.

त्यावरून बोलावलेल्या संस्थेच्या सभेत बाई चार नवी लिंबे घेऊन आल्या. बसा म्हटले तरी त्या बसल्या नाहीत. टेबलाभोवती फिरतच त्यांनी तारा जोडल्या, आणि घड्याळावर आकडे उमटले. सर्वांनी पाहिले. कोणी खोटे म्हणाले नाही.

हिंदुराव सौम्यपणे म्हणाले, "ताई, तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. पण लोकांना काय सांगायचं?"

"हेच सांगायचं, अहो. आत्ता पाहिलंत ते."

"लोक घाबरतात."

मी उभा राहून विचारले, "यातले लोक कोण? त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. चिटणीस म्हणाले की त्यांचा स्वतःचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. दुसऱ्या एका सभासदाने आपण अभियंता असल्याचे सांगितले. तुळजाबाई मात्र स्पष्ट म्हणाल्या, "मी घाबरले होते. आता बघितलं, नाही घाबरत. चालू द्या तिचं." सबंध सभेत भीती कबूल करणारी ती एकच व्यक्ती होती, आणि सभासद नसल्यामुळे तिला मत नव्हते. वर्ग बंद करण्याचा ठराव मंजूर झाला. विरोधी मत माझे एकट्याचे. बाईंनी लिंबे पिशवीत भरली आणि सरबताला उपयोगी पडणार नाहीत, खिळ्यांचे जस्त उतरले आहे, एवढेच बजावले.

आता त्या जिन्याखाली एका सभासदाचा जुना सोफा ठेवला आहे. तो गैरवापर नाही. रविवारी सकाळी विजयमालाबाई गच्चीवर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. मुले फाटकापाशी रेंगाळतात आणि दत्तोबा त्यांना हाकलल्यासारखे करतो.

वाचकहो, सहानुभूतीची पत्रे नकोत. बिबवेवाडीत किंवा जवळपास आपल्या इमारतीत एखादी रिकामी जागा असेल, तर रविवारी सकाळी ती या वर्गासाठी द्या. आणि देणार नसाल, तर लोक काय म्हणतील हे सांगू नका. नकार स्वतःच्या नावाने द्या.