पाखरासाठी घर बघणारे चाचा

गिऱ्हाईक दुकानात आलं, की चाचा किंमत सांगायच्या आधी पायात चपला सरकवायचे. "चला, घर दाखवा." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाखरं विकणारा हा माणूस पोरीसाठी स्थळ बघावं तसं पाखरासाठी घर बघायचा. तुम्ही असा दुकानदार पाहिलाय? मी नाही, आणि मी काही कमी गावं पालथी घातलेली नाहीत.

लव्हबर्ड ते कुणालाही देत. पण करड्या अंगाचं, पिवळ्या तुऱ्याचं कॉकाटील मागितलं, की चाचा सासऱ्याहून कडक. एका पैलवानाला तोंडावर म्हणाले, "तुमी दिवसभर तालमीत. हे एकटं पडलं की सोताची पिसं उपटून घेतंय. न्हाय द्यायचं!" पैलवान असा रडला, की पंचगंगा घाटाची एक पायरी चढली.

मलाही एक हवं होतं. चाचा घर बघायला आले तो नेमका वर्षाच्या चटणीचा दिवस. बायको मिरच्या भाजत होती. गल्लीतली कुत्री शिरोळपर्यंत पळाली होती. चाचा उंबऱ्यावरूनच फिरले. "पावणं, ह्या धुरात पाखरू सांजंपतूर जगायचं न्हाय!"

पुढं त्यांनाच दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, पिसांची भुकटी छातीत बसलीय. पाखरं काढा, नाहीतर तुम्ही जाल. सगळी पाखरं देऊन झाली. त्यांची बीबी वारल्यावर खांद्यावर वाढवलेलं एक कॉकाटील तेवढं उरलं. त्याच्यासाठी चाचा खोकत खोकत अख्खं कोल्हापूर हिंडले. कुठं मांजर, कुठं दाराला कायम कुलूप.

एका सकाळी पिंजरा घेऊन आमच्या दारात उभे. "तुमचं घर वाईटच हाय. पर वैनी दिवसभर बोलत्यात की. त्याला सोबत हुईल."

"चाचा, चटणी यंदापास्नं म्हायेरात भाजीन," बायको म्हणाली. त्या बाईनं कुणापुढं माघार घेतलेली मी तेवढीच पाहिली.

पिंजरा आम्ही रस्त्याकडच्या खिडकीत टांगला. चाचा रोज येत, पण आत नाही. समोरच्या कडेला उभे राहत, नाकाला रुमाल लावून. हाक मारली तर पाखरू गजांवर धडका देई, म्हणून बोलतही नसत. पण खोकला कुठं लपतोय? तो ऐकला, की खिडकीत पिवळा तुरा ताठ.

पावसाळा सरता सरता चाचा यायचे थांबले. मी त्यांच्या मातीला जाऊन आलो.

पाखराला कोण सांगणार? गल्लीतून कुणीही खोकत गेलं, की ते दांडीच्या रस्त्याकडच्या टोकाला सरकायचं, आणि खोकला पार लांब जाईस्तोवर तुरा ताठ ठेवून तिथंच बसायचं.