मानसिंग पंचांची बरोबरी

पलूस तालुक्यात कबड्डीच्या सामन्याला मानसिंग पंचांना बोलावलं की यजमान गावाने आपली हार धरूनच चालायचं, असा एक समज होता. माणूस पंच म्हणून नावाजलेला. पण त्यांच्या निःपक्षपातीपणाची तऱ्हा वेगळी होती. ज्या गावचा चहा प्यायला, त्या गावाच्या बाबतीत ते जरा जास्तच काटेकोर व्हायचे. स्वतःच्या गावाला तर विचारूच नका. त्यांच्या शिट्टीवर त्यांचं गाव कित्येकदा हरलं, आणि दर वेळी परगावच्या लोकांनी फेटा बांधून त्यांचा सत्कार केला.

गुडघे गेल्यावर शिट्टी खुंटीला लागली. मग ऊस, म्हैस आणि पारावरचे तंटे एवढंच उरलं. अशात शेजारची संयोगिता त्यांच्याकडे आली. घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी ही शेजारची सून मोबाईलवरच्या ‘रणांगण’ नावाच्या खेळाची स्पर्धा भरवायची. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतले संघ आपापल्या घरून खेळायचे. चौघांचा एक संघ. सगळे संघ एका बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात, शेवटी जो उरतो तो डाव जिंकतो. जितकं जास्त टिकाल तितके गुण, जितके गडी टिपाल तितके वेगळे गुण. असे सहा डाव आणि मग बेरीज.

मागच्या वर्षी दोन संघांची बेरीज सारखी आली. संयोगिताने व्हिडिओ कॉलवर नाणेफेक केली. नाणं घरंगळत टेबलाखाली गेलं. ती उचलायला खाली वाकली, तेवढ्यात अर्ध्या जिल्ह्याचा तिच्यावरचा विश्वास उडाला.

“तात्या, बरोबरी झाली तर कोण जिंकला, याचा नियम तुम्ही करून द्या,” ती म्हणाली.

“मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाई.”

“म्हणूनच. तुमच्यावर कोण शंका घेणार?”

बातमी फुटली आणि पंचांचा फोन वाजू लागला. वाईत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा दिग्विजय एका आक्रमक संघाचा कर्णधार होता. तो म्हणाला, “आवं पंच, जास्त गडी टिपतो त्योच खरा. लपून बसणाऱ्याला कप द्यायचा का?” सांगलीच्या हळदवाल्यांच्या संघाचं मत उलट. माल दाबून भावाची वाट बघण्यात मुरलेली ती मंडळी. त्यांचं म्हणणं, “टिकणं हीच कला हाय. मारतंय काय, कुनीबी.” प्रत्येकाला न्याय्य नियम हवा होता, आणि प्रत्येकाचा न्याय त्याच्या खेळासारखा होता.

पंचांनी ठरवलं, आधी खेळून बघायचं. संयोगिताने त्यांच्या टॅबवर खेळ घालून दिला. ते बेटावर उतरायचे, मध्यरेषेवर उभं राहावं तसे उघड्या रानात उभे राहायचे आणि मरायचे. बायको मनुबाई शेंगा सोलता सोलता बघत होती.

“आवं, झाडामागं व्हा की.”

“लपून खेळत्यात व्हय?”

“मरून तरी कुठं खेळायला मिळतंय?” असं म्हणून तिने टॅब हातात घेतला. तो पंचांना परत मिळायला बरेच दिवस लागले. तोवर मनुबाईने बचत गटातल्या तिघींना जमवून ‘वाघजाई’ नावाचा संघ काढला आणि स्पर्धेत नावही दिलं.

पंचाच्या बायकोने खेळावं का, हा प्रश्न खरं तर पंचांना पडायला हवा होता. पण बायका पहिल्याच फेरीत बाहेर पडतील याची त्यांना इतकी खात्री होती, की हरकत घेणंच त्यांना हास्यास्पद वाटलं.

नियम मात्र त्यांनी मनापासून केला. बरोबरी झाली तर आधी बघायचं, पूर्ण डाव कोणी जास्त जिंकले. तिथंही बरोबरी असेल तर त्या दोन संघांपैकी कोण जास्त डावांत दुसरा बाद झाल्यावरही टिकून राहिला. “दोघांतला वाद दोघांतच तोडायचा,” ते म्हणाले. “तिसऱ्याला किती टिपलं ह्याचा हितं संबंध काय?” नाणेफेक बंद. फेरसामनाही बंद, कारण त्यात दमलेल्यावर अन्याय होतो. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधीच नियम सगळ्यांना कळवला. आपला यात फायदा किती, याचा हिशेब कुणालाच जमला नाही, त्यामुळे तो सगळ्यांना पटला.

वाघजाई पहिल्या फेरीत बाहेर पडली नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. चौघी जिथं उतरतील तिथलं पहिलं पडकं घर गाठायच्या, दार लावून घ्यायच्या आणि बाहेरच्यांची आपसांत मारामारी उरकेपर्यंत गप्पा मारायच्या. पंचांनी घरात त्या विषयावर बोलणं सोडलं.

अंतिम फेरी रविवारी दुपारी झाली. पंच संयोगिताच्या घरी मोठ्या पडद्यासमोर बसले, मनुबाई तिथल्याच परसात, रेंज चांगली म्हणून. सहा डाव संपले आणि संयोगिताने बेरीज दोनदा तपासली. वाईचा संघ आणि वाघजाई, दोघांचे गुण सारखे. जिंकलेले डावही एकेक. मग दुसरा नियम. सहापैकी चार डावांत वाईचा संघ बाद झाल्यावरही वाघजाई टिकली होती.

“तात्या, सांगा निकाल.”

पंचांनी घसा खाकरला. “फेरसामना घिऊ.”

“नियमात फेरसामना नाही. तुम्हीच काढलात.”

“पंचाचा इशेष अधिकार म्हणून घिऊ.”

कॉलवरून दिग्विजय म्हणाला, “कशापायी? नियम आदीच सांगितला हुता. आमी हारलो, इषय संपला. दुकान उघडायचंय मला.”

हरलेला माणूस हार मानतोय आणि पंच त्याला मानू देत नाही, असा प्रकार संयोगिताने पाहिला नव्हता. तेवढ्यात मनुबाई परसातून आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आधी कॉलचा आवाज बंद करायला सांगितला.

“दुसरा कुठला संघ असता तर दिला असता का निकाल?”

“अगं, लोक काय म्हंतील?”

“नाथाजीला बाद दिला तवा काय म्हनले?”

नाथाजी म्हणजे तिचा भाऊ. तासगावच्या एका अंतिम सामन्यात त्याचा पाय रेषेबाहेर गेला म्हणून पंचांनी त्याला बाद दिलं होतं. त्या एका निकालावर पंचांचं नाव जिल्हाभर झालं आणि नाथाजी बहिणीच्या घरी यायचा बंद झाला.

“त्याचा पाय गेलता का भाईर?” तिने विचारलं.

पंच पडद्याकडे बघत म्हणाले, “दिसलं न्हवतं नीट.”

“दिसलं न्हाई म्हनून आपल्या मानसावर घातलं. त्याला न्याय म्हनत न्हाईत. सत्काराची हौस म्हनत्यात.”

संयोगिताने हे ऐकलंच नाही असं दाखवून पाण्याचा तांब्या आणला. पंच पाणी प्यायले, आवाज चालू करायला सांगितला आणि म्हणाले, “वाघजाई इजयी.” आवाज इतका बारीक होता की दिग्विजयने पुन्हा विचारलं. मग त्यांनी मैदानातल्यासारखं मोठ्याने सांगितलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रुपवर ‘घरचा पंच’ हा शब्द फिरू लागला. आयुष्यभर शंका असताना आपल्याच माणसांविरुद्ध निकाल देणाऱ्या माणसाला कोणी कधी बोल लावला नव्हता. शंका नसताना बरोबर निकाल दिला, तर तो लबाड ठरला. पंचांना रात्री जेवण गेलं नाही. मनुबाईने आपलं ताट संपवलं, आणि तिघींचे फोन येत राहिले तसे घेत राहिली.

पुढच्या स्पर्धेसाठी संयोगिताने दुसरा पंच नेमला. नियम तेच ठेवले, कारण नियमाला कुणीच नावं ठेवली नव्हती. मोकळे झालेले मानसिंगराव आता रोज सराव करतात. अजूनही उघड्या रानात उभे राहतात, पण पूर्वीपेक्षा थोडे उशिरा मरतात. वाघजाईला एक राखीव गडी हवा आहे असं कळल्यावर त्यांनी बायकोला विचारलं.

“खेळ बघून ठरवू,” मनुबाई म्हणाली. “नवरा हाय म्हनून घेतलं तर बाकीच्या तिघी काय म्हंतील?”