मोटर बंद पडली पाहिजे

प्रकाशा गावात कुणाच्या विहिरीवरची मोटर रुसली की आधी हाक जायची मयूरीला. वायरमन नंतर. हे काम तिच्या वडिलांनीच, हेमकांत आबांनी, शिकवलेलं. लाईट दोन फेजवर आली की मोटर जळू नये म्हणून स्टार्टरमधली रिले टक्कन ती बंद पाडते, म्हणून आबा रिलेला वगळून तारेचा तुकडा टाकून देत. पिकाला पाणी मिळतं, कधीमधी मोटर जळते, नशिबाला बोल लावून मोकळं व्हायचं! सगळ्या शिवारात हीच रीत.

मयूरीने बारावीला व्होकेशनलचं इलेक्ट्रिकल घेतलं तेव्हा आबांनी निक्षून सांगितलं होतं, "एक डाव नापास व्हयनी का हाई सोडी देवानं." नापास झाली तर शिक्षण बंद, पास झाली तर साखर कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप. सगळं आजच्या प्रॅक्टिकलवर होतं.

स्टार्टर जोडून तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला. बाहेरून आलेले परीक्षक सर हिरव्या बटणाकडे वळले, आणि तिची नजर रिलेवर गेली. सवयीने हाताने तेच केलं होतं! रिलेला वगळून तारेचा तुकडा. गप्प राहिलं तर मोटर झकास चालेल. सरांनी एक फेज काढून तपासलं नाही तर? तपासलं तर मोटर जळेल.

"थांबा, सर! चुकलंय माझं."

"झालं म्हणून हात वर केलास ना? पाच गुण जातील. सहा मिनिटं आहेत."

तुकडा काढून भागणार नव्हतं, रिलेतून वायर नव्याने न्यायची होती. घामाने स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. शेवटच्या मिनिटाला मोटर फिरली. सरांनी लगेच एक फ्यूज ओढला, एक फेज गेली. मोटर घुमू लागली. आजवर अशा वेळी ती ‘चालू दे रे देवा’ म्हणायची. आज जीव मुठीत धरून ‘बंद पड गं बाई’ म्हणत होती. मोटर घुमतच राहिली. वास येतोय का?

टक्. सगळं शांत. सरांनी कागदावर सही केली. "पाच गुण गेले, पण पास आहेस."

फाटकाशी आबा ताटकळले होते. "मोटर चालनी का?"

"बंद पडनी, आबा."

आबांचा चेहराच उतरला.

"म्हणीसन तं सरनी पास करं!" मयूरीला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिने दप्तरातून स्क्रूड्रायव्हर काढला. "आते घर चला. आपली मोटर बी बंद पडाले जोयजे."