चेहऱ्यावर आलेलं तेज

डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. मग मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि म्हणाल्या, "टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस."

टॉपिकल म्हणजे वरून लावायचं. स्टिरॉइड असलेलं मलम चेहऱ्याला रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळते. बारीक लव वाढते. हे सगळं मला झालं होतं. मी ऐकत होते, पण आत काही हललं नाही.

"बंद केलं की आधी वाढेल," त्या म्हणाल्या. "काही आठवडे भाजल्यासारखं होईल. घाबरून परत लावू नका. परत लावलं की पुन्हा पहिल्यापासून."

ट्यूब मावशीने दिली होती. आमच्या केजच्या चर्चमध्ये महिला मंडळाचं काम तीच बघते. नाताळच्या नाटकासाठी मुलंही तीच निवडते. लहानपणी मी नेहमी मेंढपाळ असायचे. मरियेचा निळा दुपट्टा दरवर्षी एखाद्या गोऱ्या मुलीला मिळायचा, आणि हे कुणाला वावगं वाटत नसे. मलाही नाही.

मला स्थळं यायला लागल्यावर मावशी म्हणाली, "प्रार्थना कर अन् मग लाव. लई गुणकारी हाय."

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता. ईस्टरपर्यंत मी खरंच गोरी झाले. चर्चच्या दारात बायका माझी हनुवटी धरून म्हणायच्या, "उपासाचं तेज आलंय बघा पोरीच्या तोंडावर." मावशी बाजूला उभी राहून हसायची. मग गाल चुरचुरायला लागले. एक दिवस ट्यूब राहिली तरी चेहरा पेटायचा, म्हणून मी जास्त लावायचे. शेवटी एकटीच एसटीने बीडला दवाखान्यात गेले.

डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलल्या होत्या. घरी येऊन मी ते आईला मराठीत सांगितलं. मराठीत ते तितकं गंभीर वाटलं नाही.

"कावून आत्ताच बंद करायचं?" आई म्हणाली. "अंबाजोगाईचे पाव्हणे बघून जाऊ दे. मग कर बंद."

मी ट्यूब कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती धुऊन, पुसून माझ्या उशीजवळ ठेवलेली होती.

मी लावली नाही. चेहरा सुजला, पापुद्रे निघाले. पाणी लागलं तरी झोंबायचं. चर्चमध्ये बायका डोक्यावर पदर घेतात, मी ओढणी घेते. त्या रविवारी ती भुवयांपर्यंत ओढून मागच्या बाकावर बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उपासना संपून बायका समोरून बाहेर जाताना मी त्यांच्या माना बघत होते. चेहरे गोरे होते आणि माना सावळ्या.

पुढच्या तपासणीला आई सोबत आली. तिच्या मनात होतं की डॉक्टरांकडून पाहुण्यांपुरती परवानगी काढावी. बाकड्यावर तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बायका बसल्या होत्या. आमच्या शेजारी बसलेली नेकनूर गावची होती. ती पिशवीतून चिठ्ठी काढत असताना आमच्यासारखीच ट्यूब खाली पडली. आईने ती उचलली, उलटसुलट बघितली आणि तिच्या हातात दिली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी आईकडेच बघितलं. "ताई, तुमच्या गालावर पण बारीक शिरा दिसतायत. तुम्ही कधीपासून लावताय?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिच्यातलीच. उगं थोडी."

"तुम्हाला कशाला?"

"पाव्हणे आधी आईला बघतेत. पोरगी पुढं कशी दिसंल ते आईवरून धरतेत."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी दोघींना एकच साधं क्रीम आणि सनस्क्रीन लिहून दिलं. परत येताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. तिचा गाल मी एवढ्या जवळून कधी बघितला नव्हता.

पाहुणे आले तेव्हा आम्ही दोघी तशाच, लाल तोंडाने बसलो.

"उन्हानं झालं काय हे?" मुलाच्या आईने विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली, "ट्यूबनं. दोघींनी लावली व्हती."

पोहे खाऊन ते गेले. परत फोन आला नाही. आईने एकदाच मोबाइल बघितला आणि पालथा ठेवला.

तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर ती घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा. लाज वाटून ती घरी ठेवू नका, त्यांना नाव वाचू द्या. बंद केल्यावर वाईट दिवस येतात, पण मग कमी होत जातात. माझे अजून पूर्ण गेलेले नाहीत. रंग माझा पूर्वीचाच आला आहे. आरशात तो बघून आनंद झाला असं म्हणता येणार नाही. ओळख पटली, एवढंच.

महिला मंडळाच्या प्रार्थनेत साक्ष असते. देवाने काय केलं ते एकेकीने उभं राहून सांगायचं, आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. बहुतेक कुणी बरं झालेलं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते. परवा आई उभी राहिली. समोर मावशी बसली होती.

"आम्ही मायलेकी अजून बऱ्या न्हाई झालो," आई म्हणाली. "बायांनो, तेज म्हणून जे लावताय ते टाकून द्या. देवानं तोंड दिलंय, ते भाजू नका. एवढीच साक्ष हाय."

बायका मावशीकडे बघू लागल्या. मावशी मांडीवरचं बायबल सारखं करत राहिली. आई तशीच उभी होती, तिला खाली बसायचं सुचत नव्हतं.

चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण मी म्हणाले, "आमेन."