कांड्यांची टोपली

आईला माणसं ओळखू येईनाशी झाली तेव्हा धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या ओळखीच्या गोष्टी दाखवत जा. तोवर तिच्या आठवणीत एकच माणूस शिल्लक होता, बाबा. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईच्या लेखी मात्र ते अजून हातमागावरच बसलेले. रोज चहाच्या वेळी विचारायची, "हे उठले काय गा मागावरून?" मी म्हणायचो, "विणून राहिले अजून." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. तो एक माणूस तरी तिच्याजवळ राहावा म्हणून मी बाबांचं चित्र काढायला घेतलं. त्यांचा एकही फोटो नव्हता, मागावरचा तर नाहीच. विणकराचा फोटो कोण काढतो?

चेहरा काही येईना. जन्मभर चित्रकला शिकवून पोट भरलं आणि स्वतःच्या बापाचं नाक आठवेना! मी त्यांना कायम पाठमोरंच पाहिलेलं, खांद्यावर फाटलेल्या बनियनमध्ये. ती पाठ काढली तर कोणाचीही वाटली. चिडून सगळं खरवडून टाकलं. मग वर्गात मारतो तीच थाप स्वतःला मारली: माणूस दाखवू नये, त्याची खूण दाखवावी. वाडीच्या भाड्याच्या खोलीत, बाहेर ट्रक घरघरत असताना, मी रिकामा माग रंगवला. पांढरा ताणा, लाल किनार. शेजारी आईची टोपली. बाबांच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या तीच चरख्यावर भरायची, आणि बाबांचा हात असा चालायचा की टोपलीचा तळ कायम दिसायचा. मी ती काठोकाठ भरली. आईची सगळी माया तिथे दिसावी म्हणून सगळा उजेडही तिच्यावरच टाकला. चित्र झकास उतरलं, खोटं कशाला बोलू.

आईसमोर धरलं. मागाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. टोपलीवरून बोट फिरवत राहिली.

"एवढ्या कांड्या भरून पडल्या?"

"तूच भरल्या ना वं आई," मी खुशीत म्हणालो.

"मंग इनल्या काहून नाही?" तिचं बोट थांबलं. "कवा गेले गा हे? मले काहून नाही सांगतलं कोनी?"

मागावरचा माणूस कायमचा उठला की मगच विणकराच्या घरात टोपली अशी भरलेली पडून राहते. हे मी लहानपणापासून जाणत होतो, आणि ब्रश हातात असताना मला ते सुचलं नाही. बाबा नुकतेच गेल्यासारखी ती रडली. मी तिला धरून बसलो. त्या चित्राचा आणि माझ्या हुशारीचा मला इतका संताप आला की ते उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

सकाळी तिला रडणं आठवत नव्हतं, चित्रही नाही. चहा पुढे ठेवून मी वाट पाहिली. ती विचारेना. शेवटी मीच म्हणालो, "आई, बाबा विणून राहिले अजून."

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"कोनाचे बाबा गा?"