श्रीहर्षानं काय मोजलं

तंजावूरच्या राजवाड्यामागं राहणारे वेंकटराव शहाण्णव साली तालुका कचेरीतून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीहर्ष जर्मनीत मोटारीच्या अपघातात गेला. तिथल्या प्रयोगशाळेत तो प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून काहीतरी मोजायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दीड वर्षानं त्याच्याबरोबर काम करणारी विनुता सुट्टीत जवळच्या पापनाशमला माहेरी आली, तेव्हा मुद्दाम त्यांना भेटायला आली. तिनं छापील शोधनिबंध त्यांच्या हातात दिला. शंभराहून अधिक नावांतून वेंकटरावांनी मुलाचं नाव हुडकलं. पुढं क्रूसासारखी बारीक खूण होती.

"ही खूण कशाला?"

"मामा, जो आता नाही, त्याच्या नावापुढं लावतात ती."

त्यांच्या पत्नी अंबाबाई कॉफी घेऊन येत होत्या. वेंकटरावांनी घाईनं पान उलटलं.

"तो नेमकं काय करायचा, सांग मला."

विनुता सावकाश सांगू लागली. "प्रोटॉन स्वतःभोवती फिरतो, असं समजा. आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण असतात. त्यांच्या फिरण्यानंच तो फिरतो, असं वाटायचं. आम्ही एकाच दिशेनं फिरणारे इलेक्ट्रॉन त्याच्यावर सोडायचो. प्रोटॉनच्या फिरण्याची दिशा कधी तीच ठेवायची, कधी उलटी. दोन्ही वेळा किती इलेक्ट्रॉन विखुरले, त्यातला फरक बघायचा. फरक इतका थोडा, की महिनोन् महिने मोजावं लागतं. प्रोटॉनची दिशा राखणं हे श्रीहर्षाचं काम."

"आणि निघालं काय?"

"क्वार्कांचा वाटा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं कुठून येतं, कुणालाच कळलेलं नाही."

वेंकटराव म्हणाले, "शेवटच्या सुट्टीत तो हेच सांगायला बसला होता. मी म्हटलं, याचा उपयोग काय? बँकेत लागला असतास तर डोळ्यांसमोर राहिला असतास. हसला आणि उठून गेला. पाच मिनिटं ऐकून घ्यायला काय झालं होतं मला?"

दाराशी उभ्या अंबाबाईंनी विचारलं, "आमच्या पोरानं मोजलं ते बरोबर होतं का?"

"बरोबर होतं, मामी."

त्या मान हलवून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. वेंकटराव उठले, कागद तिथंच ठेवून आत अंबाबाईंजवळ जाऊन बसले.