अकोल्यात उचललेली झेंडी

अकोल्याच्या त्या मैदानावर बाहेरगावच्या लोकांनी कुठे बसायचं हे कुणी सांगत नसे, पण ते ठरलेलं होतं. पश्चिमेच्या बाजूला कडुनिंबांची रांग होती, दुपारनंतर तिची सावली पडे, आणि सावलीत अकोल्याचे लोक बसत. समोरच्या बाजूला एकही झाड नव्हतं. बसायला भेगाळलेली काळी जमीन, ऊन सरळ डोळ्यांत. तिथे आम्ही, अमरावतीहून आलेले. अर्धा सामना आम्ही कपाळावर हात धरून पाहिला. मैदान त्यांचं, झाडंही त्यांचीच, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा अमरावतीला मोजणी खात्यात होतो. शेतांच्या हद्दी मोजायच्या, साखळी धरायची, झेंड्या रोवून त्या एका रेषेत आल्या की नाही हे एक डोळा मिटून पाहायचं, हे माझं काम. फुटबॉल मी स्वतः कधी खेळलो नाही. अकोल्याला गेलो तो मेहुण्यासाठी.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर तो आमच्याकडेच राहायला आला होता. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास झाला. काम मिळेल तिथे करायचा, पण टिकणारं काहीच मिळत नव्हतं. माझे जुने शर्ट घालायचा. जेवायला बसला की दुसरी भाकरी घेताना आधी बहिणीकडे पाहायचा, मग माझ्याकडे. मी कधी काही बोललो नाही, तरी पाहायचा. एका गोष्टीत मात्र तो कुणाकडे पाहत नसे. पायात चेंडू आला की समोरच्या गड्याला कळायच्या आत तो पुढे निघून गेलेला असे. आमच्या भागातल्या पोरांनी संघ काढला होता. बूट तिघा-चौघांनाच होते, बाकीचे पायाला पट्ट्या बांधून खेळत. मेहुणा पट्टीवाल्यांतला.

त्या हिवाळ्यात आमचा संघ एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना अकोल्याला, तिथल्या एका कापड गिरणीच्या संघाशी. गिरणीचे लेबर ऑफिसर चांगल्या खेळाडूंना गिरणीत लावून घेत. आधीचा सामना पाहायला ते अमरावतीला आले होते. सामना संपल्यावर त्यांनी मेहुण्याला बाजूला घेतलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "अकोल्यात आमच्यावर एक गोल कर. मग सोमवारी गिरणीच्या फाटकावर ये. पुढचं मी बघतो."

घरी बायकोनं हे तीनदा माझ्या तोंडून वदवून घेतलं.

"नक्की असंच म्हणाले?"

"असंच."

"एकच गोल ना?"

"एकच."

"मंग तुमी जा त्याच्यासंगं," ती म्हणाली. "आपलं मानूस पायजे तिथं."

बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. आम्ही पाठीराखे मिळून तीसेक असू. सोबत संत्र्यांची मोठी टोपली होती, मध्यंतरात पोरांना द्यायला. मैदानात शिरताना सावलीतून आवाज आला, "या बाप्पा अमरावतीवाले. गडी घरी राह्यले तरी चालते, संत्री आनली ना?"

आमच्यातला एक म्हणाला, "आनली. सालटं तुमच्यासाठी ठेवून जातो."

तिकडचे हसले, आम्हीही हसलो. तेवढंच हसणं झालं त्या दिवशी.

सामना सुरू होण्याआधी आमचा कॅप्टन माझ्याकडे आला. रेषेवर झेंडी घेऊन उभा राहणारा लाइन्समन प्रत्येक बाजूनं आपापला द्यायचा, अशी त्या स्पर्धेची पद्धत होती. आमचा नेहमीचा माणूस तापानं पडला होता.

"भाऊ, तुमी ऱ्हा उभे," कॅप्टन म्हणाला. "तुमचा तं धंदाच झेंड्यायचा."

मी कबूल झालो. रेफरीनं आम्हा दोघा लाइन्समनांना जवळ बोलावलं. दुसरा गिरणीच्या बाजूचा, गिरणीच्या फाटकासमोर शिलाईचं दुकान असलेला एक टेलर, गळ्याला मफलर. रेफरी म्हणाला, "आपला संघ ज्या गोलवर चाल करतो, त्या अर्ध्या भागात उभं राहायचं. आपल्या गड्याचा ऑफसाइड आपणच दाखवायचा. दुसऱ्यानं लुबाडलं असं मग कुणाला म्हणता येत नाही."

मला ही पद्धत आवडली. आपल्या माणसाची लबाडी आपणच सांगायची, यापेक्षा स्वच्छ काय असणार, असं वाटलं. टेलर मान हलवून मफलर सारखा करत निघून गेला. या नियमाला तिथे किती किंमत आहे हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी, ज्याच्याकडे तो जायचा त्याच्यापुढे विरुद्ध बाजूचे निदान दोन गडी लागतात. एकटा गोलकीपरच पुढे असेल तर तो ऑफसाइड. मग गोल झाला तरी धरत नाहीत.

मध्यंतराआधीच गिरणीनं गोल केला. गोल करणारा गिरणीतला बदली कामगार होता, म्हणजे कुणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी घेतात तो. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तेव्हा तो किती पुढे होता हे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्याच्यापुढे आमचा गोलकीपर सोडून कुणी नव्हतं, एवढं माझ्या मागे उन्हात बसलेल्या प्रत्येकाला दिसलं. टेलरची झेंडी काखेत होती, ती तिथेच राहिली. रेफरीनं त्याच्याकडे पाहिलं. टेलर निंबांकडे पाहत होता. गोल धरला गेला.

माझ्यामागे आरडाओरडा झाला. कुणी रेफरीच्या गावाचा उद्धार केला, कुणी टेलरच्या सुईचा. मध्यंतरात पोरं संत्री खात होती तेव्हा मेहुणा माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊजी, टाइम हाये ना अजून?"

"अर्धा खेळ आहे."

"मंग होते," तो म्हणाला आणि फोड तोंडात टाकून उठला.

बाजू बदलल्या. झेंडी घेऊन मी दुसऱ्या टोकाला गेलो, माझ्यामागोमाग आमचे लोकही तिकडे सरकले. खेळ संपत आला तेव्हा चेंडू मधोमध आमच्या कॅप्टनच्या पायात आला. मेहुणा गिरणीच्या शेवटच्या गड्याच्या पलीकडे गेला होता. त्यानं एकदा मान वळवून मागे पाहिलं. चेंडू पाहतोय, असं मी समजलो. कॅप्टनचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी मी रेषेत होतो. मोजणीत झेंडी धरावी तसा मी आयुष्यभर रेषेत उभा राहत आलो आहे, आणि मला स्पष्ट दिसलं. दीड हात. मेहुण्यापुढे फक्त गोलकीपर.

चेंडू जाळ्यात जाण्याआधी माझा हात वर गेला होता.

मागे लोक उड्या मारत होते. मग शिट्टी वाजली, रेफरीनं माझ्याकडे बोट केलं, आणि उड्या थांबल्या. मेहुणा दोन्ही हात वर करून पळत होता, तो हळूहळू चालायला लागला. समोर सावलीत क्षणभर कुणाला काही कळेना. मग तिकडून टाळ्या आल्या. अकोल्याचे लोक मला टाळ्या देत होते.

आम्ही एका गोलनं हरलो.

बक्षीस समारंभात लेबर ऑफिसर माझ्यावरच बोलले. खिलाडूवृत्ती कशी असावी हे अमरावतीच्या पाहुण्यांनी दाखवलं वगैरे. मला पुढे बोलावून हातात नारळ दिला. तो धरून मी आमच्या लोकांकडे आलो तेव्हा वाट द्यायला सगळे बाजूला झाले, जरा जास्तच बाजूला.

परतीच्या गाडीत माझ्या बाकावर जागा होती, तरी पोरं दाराशी उभी राहिली. शेवटी कॅप्टन येऊन समोर बसला. तो भांडला नाही.

"भाऊ, थे झेंडी चेंडू बाहेर गेला तं दाखवाले देल्ली होती तुमाले."

"रेफरीनं काय सांगितलं ते तू ऐकलं नाहीस. आपल्या गड्याचा ऑफसाइड..."

"मी धा सालापासून खेळून राह्यलो. दरखेपी थो तेच सांगते. सांगाची रीत हाये थे. आजवर कोनी उचलली नाई."

"मग सांगतो कशाला?"

कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाकडे पाहावं तसं. "आता काय सांगू तुमाले," म्हणाला आणि उठून गेला. दारातून एकजण म्हणाला, "नारळ फोडा ना भाऊ, परसाद तरी द्या." कुणी हसलं नाही. मेहुणा दाराच्या पायरीवर बसून राहिला होता, बडनेऱ्यापर्यंत.

घरी बायकोनं भावाचं तोंड पाहिलं आणि ताटं वाढायला घेतली. जेवण झाल्यावर मला विचारलं, "तुमाले हात वर कराले कोनी लावलं?"

"तो पुढे होता."

"आन त्यायचा?"

"त्यांचाही होता."

"मंग त्यायच्यावाल्यानं काहून नाई केला?"

याचं उत्तर मला पुढे मिळालं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी रजा टाकून मी मेहुण्याला घेऊन गिरणीच्या फाटकावर गेलो. त्याला बाहेर उभं केलं, आत एकटा गेलो. लेबर ऑफिसरांनी उठून खुर्ची दिली. मी सांगितलं, पोरगा चांगला खेळला, तुमच्या शेवटच्या गड्याला त्यानं पळवून पळवून दमवलं, तुम्ही शब्द दिला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"शब्द दिला होता, गोल केला तर," ते म्हणाले. "गोल झाला का?"

मी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगितलंत ना झाला नाही म्हणून? आता मी त्याला घेतलं तर तुमची झेंडी खोटी ठरेल. तुमच्यासारख्या माणसाला मी खोटं कसं पाडू?"

ते चेष्टा करत होते की मनापासून बोलत होते, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बहुधा मनापासून. तेच जास्त लागलं. निघताना त्यांनी सांगितलं की गोल केलेल्या त्यांच्या बदली कामगाराला आता कायम केलं आहे. चांगला मुलगा आहे, म्हणाले.

मेहुणा उन्हाळ्याच्या आधी आमचं घर सोडून चांदूर रेल्वे या गावी गेला. तिथल्या जिनिंगमध्ये लागला. कापसाचा हंगाम असेतो काम, मग नाही. फुटबॉलला त्यानं पुन्हा पाय लावला नाही. भाऊबीजेला येई, ओवाळून घेई, बहिणीच्या ताटात लुगडं ठेवी आणि दुपारच्या गाडीनं जाई. माझ्याशी तो कधी वाकडं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. एकदा शर्ट शिवायला त्याच टेलरकडे गेलो. त्यानं ओळखलं. मापं घेताना मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं ना," तो टेपवरून नजर न काढता म्हणाला. "माये डोये चांगले हायेत, धंदाच डोयाचा हाये. पोरगा आमच्याच गल्लीतला. त्याचं आता घर झालं, दोन लेकरं हायेत. हात वर करा साहेब, छाती मोजतो."

मी हात वर केला.

माझा हिशेब असा होता, आणि अजून आहे: मी पाहिलं ते खरं होतं. मोजणीत कुणी म्हणे, बांध जरासा इकडे घ्या, कुणी म्हणे तिकडे. मी कधी घेतला नाही. मग मैदानावर का घ्यायचा? या हिशेबात मला चूक सापडत नाही. पण ज्या नियमानं फक्त एकाच बाजूचा माणूस बुडतो, तो पाळल्याचं कौतुक मला करता येत नाही. त्या दिवशी मैदानावर नियम पाळणारा मी एकटा होतो, आणि त्याचा भुर्दंड मी भरला नाही. भरला दुसऱ्यानं.

माझ्या मोठ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मेहुणा मामा म्हणून आला. तिशी नुकतीच ओलांडली होती, पण कापसाच्या धुळीनं छाती गेली होती, बोलताना मध्ये खोकला येई. जेवणाच्या पंगती उठल्यावर मांडवात आम्ही दोघेच होतो. मी ठरवलेलं नव्हतं, पण बोलून गेलो.

"त्या दिवशी तू दीड हात पुढे होतास."

त्याला कोणता दिवस हे विचारावं लागलं नाही.

"मले मालूम हाये भाऊजी," तो म्हणाला. "जानूनबुजून मी पुढं गेलो होतो. पयले मागं वयून पायलं, लाइनीवर कोन हाये म्हनून. तुमी दिसले." त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी थांबलो. "म्हटलं, आपलंच मानूस हाये."

मग तो उठला आणि पंगतीचे पाट गोळा करायला लागला. मीही एका बाजूनं उचलू लागलो. मांडव रिकामा होईपर्यंत आम्ही प्रत्येक रांगेत दोन टोकांना होतो, आणि मधे गाठ पडायची वेळ आली की तो पुढच्या रांगेच्या पलीकडच्या टोकाला जाई.